एक्स-रे म्हणतो दाब आहे, होल ड्रिलिंग म्हणतं काहीच नाही: ताणलेल्या पट्टीतला रेसिड्युअल स्ट्रेस

आधी प्रश्न थोडक्यात. रबाळे एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या ३ मिमी जाड पट्ट्यांपासून लिंक प्लेट बनतात. पट्टी सरळ करण्यासाठी तिला दोन्ही टोकांना धरून तीनेक टक्के ताणतात आणि सोडून देतात. पृष्ठभागावर लांबीच्या दिशेनं किमान १०० मेगापास्कल कॉम्प्रेसिव्ह रेसिड्युअल स्ट्रेस, म्हणजे बाहेरचा भार नसतानाही धातूत उरलेला दाब, हवा, अशी ग्राहकाच्या ड्रॉइंगवर अट आहे आणि त्यासाठी शॉट पीनिंग, म्हणजे पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा, ठरलेलं आहे. पीनिंगच्या आधी एका लॅबकडून एक्स-रेनं मोजून घेतलं, तर आकडा आला उणे १२० (उणे म्हणजे दाब). दुसऱ्या लॅबनं त्याच लॉटच्या पट्टीवर होल ड्रिलिंग केलं, म्हणजे छोटं भोक पाडून ताण मोजला, तर जवळजवळ शून्य. मालकांचं म्हणणं असं की एक्स-रेचा रिपोर्ट जोडू आणि पीनिंगचा खर्च वाचवू. विचारणाऱ्या इंजिनिअरचा मुख्य प्रश्न एवढाच: कोणती लॅब चुकली?

बहुतेक कोणतीच नाही. आणि तरीही पीनिंग सोडायचं नाही. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते नीट समजून घ्या, कारण ताणलेल्या, ओढलेल्या किंवा रोल केलेल्या धातूवर एक्स-रे लावणाऱ्या प्रत्येकापुढे हे कोडं कधी ना कधी येतंच.

मशीन मुळात ताण मोजतच नाही. ते मोजतं अणूंच्या थरांमधलं अंतर. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास मांडलेला नियम तुम्ही डिप्लोमाला शिकला असाल: किरणाची तरंगलांबी ठाऊक असेल, तर परावर्तन कोणत्या कोनात येतं त्यावरून थरांमधलं अंतर कळतं. पोलादासाठी आम्ही क्रोमियमची ट्यूब लावतो. तिची तरंगलांबी सुमारे २.२९ अँगस्ट्रॉम. फेराइट म्हणजे पोलादातलं मऊ लोखंड; त्याच्या २११ प्रतलांमधलं, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक थरांमधलं, अंतर सुमारे १.१७ अँगस्ट्रॉम. या जोडीचं पीक, म्हणजे परावर्तनाचं शिखर, १५६ अंशांच्या आसपास येतं. मग तुकडा थोडा थोडा तिरका करत जायचं. प्रत्येक तिरकेपणाला वेगळ्या दिशेनं बसलेले ग्रेन, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक, परावर्तन देतात. पृष्ठभागात दाब असेल तर तिरकं करत जाल तसं हे अंतर कमी होत जातं, ओढ असेल तर वाढत जातं. तिरकेपणाचा कोन म्हणजे साय. त्याच्या साइनचा वर्ग आडव्या अक्षावर आणि अंतर उभ्या अक्षावर मांडलं की सरळ रेषा मिळायला हवी. तिच्या उतारावरून ताणाचा हिशोब होतो. एक्स-रेनं ताण काढण्याचे प्रयत्न १९२५ च्या सुमारास अमेरिकेत लेस्टर आणि अबॉर्न यांनी सुरू केले. आज वापरतो तो साइन-वर्ग-सायचा घाट १९६१ मध्ये जर्मनीत माखेराउख आणि म्युलर यांनी पक्का केला.

फरक किती बारीक असतो ते बघा. तुमच्या १२० मेगापास्कलसाठी तुकडा सरळ असताना आणि ४५ अंश तिरका केल्यावर अंतरात पडणारा फरक आहे ०.०००४ अँगस्ट्रॉम. पीक सरकतं सुमारे ०.१९ अंश. हाच ताण कुणी तांब्याच्या ट्यूबनं फेराइटच्या ११० पीकवर, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास मोजायला गेलं, तर पीक सरकेल जेमतेम ०.०१६ अंश, म्हणजे दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय तांब्याच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकू लागतं आणि पार्श्वभूमीचा गोंधळ वाढतो. कॉलेजमध्ये पावडर एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) मशीन असतं आणि ओळखीचे प्राध्यापक म्हणतात की या, काढून देतो. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या मशीनवर काढलेल्या स्ट्रेसच्या आकड्यावर जॉब पास करू नका.

आता मुद्द्यावर येऊ. क्रोमियमचे किरण पोलादात सुमारे पाच मायक्रॉनच शिरतात. त्या पाच मायक्रॉनमध्येही उत्तर देतात ते फक्त फेराइटचे ग्रेन, आणि फेराइटमधलेही फक्त ते, ज्यांचं २११ प्रतल त्या क्षणी नेमकं किरणांच्या हिशोबात बसतं. बाकीचे ग्रेन गप्प. सिमेंटाइट, म्हणजे पोलादातलं लोखंड-कार्बनचं कडक संयुग, तर पूर्ण गप्प. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत फक्त वरच्या मजल्यावरच्या, तेही खाडीकडे खिडकी असलेल्यांना विचारून पूर्ण सोसायटीचं मत लिहावं, तसं हे आहे. सगळ्यांचं मत एकच असेल तेव्हा त्यानं काही बिघडत नाही. ॲनिल केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, पोलादावर बाहेरून ताण लावला आणि मामला इलॅस्टिक असला (भार काढला की मूळ आकार परत), तर वेगवेगळ्या ग्रेनमधला फरक क्ष-किरणी स्थिरांकांत धरलेला असतो. लोखंडाचा एकच स्फटिक घेतला तर घनाच्या कडेच्या दिशेनं त्याचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, सुमारे १३० गिगापास्कल असतो आणि कर्णाच्या दिशेनं सुमारे २८०. म्हणूनच २११ प्रतलासाठी हँडबुकातला २१० थेट वापरत नाहीत, वेगळा स्थिरांक घेतात. कुणी २१० च घेतला तर उत्तर पाच-सात टक्क्यांनी हुकेल. तुमच्या प्रश्नात ती भानगड नाही. उणे १२० आणि शून्य यांच्यातला फरक स्थिरांकांनी भरून निघत नाही.

तुमची पट्टी यील्डच्या पुढे, म्हणजे कायमची लांबेल इतकी, ताणलेली आहे. प्लास्टिक विरूपण सगळ्या ग्रेनमध्ये सारखं होत नाही. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रचनेचा निम्म्याच्या आसपास भाग पर्लाइट. त्यात मऊ फेराइट आणि कडक सिमेंटाइट एकमेकांना चिकटून बसलेले. पट्टी ताणली की फेराइट आधी यील्ड होतं आणि लांबतं. सिमेंटाइट लांबायला तयार नसतं, ते इलॅस्टिकच राहतं. भार सोडला की सिमेंटाइट मूळ लांबीकडे परत जायला बघतं. फेराइट तर कायमचं लांबलेलं. मग सिमेंटाइट फेराइटला मागे ओढतं. फेराइटमध्ये दाब उरतो, सिमेंटाइटमध्ये ओढ, आणि दोघांची बेरीज शून्य. एक्स-रेनं विचारलं फक्त फेराइटला, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं: माझ्यात दाब आहे.

याच दिशेनं ढकलणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. पृष्ठभागावरच्या ग्रेनला वरून शेजारी नसतो, त्यामुळे ते आतल्यांपेक्षा जरा लवकर यील्ड होतात आणि भार सोडल्यावर थोड्या दाबात राहतात. प्रत्येक ग्रेनच्या आतही डिसलोकेशनच्या, म्हणजे अणूंच्या रचनेतल्या दोषरेषांच्या, दाट भिंती आणि त्यांच्यामधले मोकळे भाग असा प्रकार तयार होतो. ताणून सोडल्यावर भिंतींत ओढ राहते, मोकळ्या भागांत दाब. पीकचा मोठा हिस्सा या मोकळ्या भागांमधून येतो, आणि बारकाईनं बघितलं तर ते पीक दोन्ही बाजूंना सारखं नसतं. कोणाचा वाटा किती, हे पोलादागणिक आणि विरूपणागणिक बदलतं. पण चिन्ह एकच: उणे.

होल ड्रिलिंग वेगळाच प्रश्न विचारतं. दोनेक मिलिमीटर व्यासाचं भोक, खोली मिलिमीटरपर्यंत. त्यात फेराइट, सिमेंटाइट, सगळ्या दिशांचे हजारो ग्रेन एकत्र निघून जातात आणि आजूबाजूचं पोलाद किती सैल झालं ते स्ट्रेन गेज सांगतं. ज्या ताणांची बेरीज आतल्या आत शून्य होते, ते त्याला दिसतच नाहीत. दिसतो तो फक्त मॅक्रो स्ट्रेस, म्हणजे पट्टीच्या एका भागानं दुसऱ्या भागावर ठेवलेला ताण. सरळ, एकसारख्या ताणलेल्या पट्टीत तो शून्याजवळ असणं अगदी अपेक्षित आहे, कारण पूर्ण जाडी सारखीच लांबलेली आहे. कोण कुणाला अडवणार?

ग्राहकाला हवाय तो हा मॅक्रो दाब. पीनिंगमध्ये वरचा थर छर्‍यांच्या माऱ्यानं पसरायला बघतो, आतला गाभा त्याला पसरू देत नाही, म्हणून वरच्या एक-दोन दशांश मिलिमीटरमध्ये खरा दाब बसतो आणि गाभ्यात त्याची भरपाई करणारी हलकी ओढ. असा दाब भेगेचं तोंड मिटून धरतो. ताणल्यामुळे फेराइटमध्ये उरलेला दाब हे काम करत नाही, कारण त्याच्या शेजारी त्याची भरपाई करणाऱ्या ओढीतलं सिमेंटाइट बसलेलं आहे. उलट ताणलेल्या पोलादावर नंतर दाबाचा भार आला की ते लवकर यील्ड होतं. बाउशिंगर परिणाम म्हणतात तो, आणि त्याच्या कारणांत हाच उरलेला दाब आहे. फटीगसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन तुटण्याच्या हिशोबात, ही कमाई धरणं धोक्याचं आहे. लिंक प्लेट तुटली तर ती रस्त्यावर तुटते, आणि तिथे कुणीतरी असतं.

हे सगळं तुमच्या मालकांना शब्दांनी पटणार नाही. पटावं अशी अपेक्षाही नको. त्यांना तुमच्याच शॉप फ्लोअरवर दाखवता येईल असा एक प्रयोग आहे आणि तो मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त आवडतो. ताणलेल्या पट्टीचा १५० मिमीचा तुकडा घ्या. तो सरफेस प्लेटवर ठेवून मध्यावर डायल गेज लावा आणि मूळचा बाक लिहून ठेवा. मग एक बाजू आणि कडा टेपनं व्यवस्थित झाका. उघडी बाजू मिठाच्या संपृक्त द्रावणात, तांब्याच्या पत्र्यासमोर, डीसी सप्लायवर इलेक्ट्रोपॉलिश करा. पट्टी प्लसला, तांबं मायनसला. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे आणि गॉगल घाला. पाणी काळपट-हिरवट होतं, घाबरू नका. मधे मधे काढून मायक्रोमीटरनं जाडी बघा. ०.१ मिमी उतरली की धुवा, पुसा आणि परत डायल गेजखाली ठेवा.

उणे १२० हा खरा मॅक्रो दाब असेल आणि तेवढ्या खोलीपर्यंत सारखा असेल, तर एका बाजूचा दाबलेला थर निघून गेल्यावर पट्टीचा तोल जाईल. झिजवलेली बाजू आत वळेल. सूत्र साधं आहे: वक्रता म्हणजे सहा गुणिले ताण गुणिले काढलेली जाडी, भागिले मॉड्युलस गुणिले जाडीचा वर्ग. ३ मिमी जाडी आणि १५० मिमी लांबीला मध्यावर सुमारे ०.१ मिमी बाक येतो. शतांशाच्या डायल गेजवर तो लपणार नाही. बाक आलाच नाही, तर दाब जागच्या जागी, ग्रेन आणि फेजच्या पातळीवर फिटत होता. थोडाच आला, समजा एक-दोन शतांश, तर दाब फक्त वरच्या काही ग्रेनपुरता आहे. तुमच्या होल ड्रिलिंगचा आकडा बघता मला काहीच किंवा फार थोडा बाक अपेक्षित आहे.

त्याच झिजवलेल्या जागी लॅबकडून पुन्हा एक्स-रे करून घ्या. पीनिंगच्या आधीची पट्टी आहे, त्यामुळे एक साधं गणित लागू होतं. बाहेरचा भार नसताना पट्टीच्या आडव्या छेदावरच्या मॅक्रो ताणाची बेरीज शून्य झालीच पाहिजे. वर दाब असेल तर आत कुठेतरी ओढ असायलाच हवी. ०.१ मिमीवर, ०.५ मिमीवर, पार मध्यापर्यंत गेलात आणि तरी एक्स-रे उणे शंभर-सव्वाशेच दाखवत राहिला, तर तो मॅक्रो ताण असूच शकत नाही. हा युक्तिवाद कुठल्याही ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यासमोर ठेवा, तो खोडता येत नाही.

पण त्याआधी एक साधी शक्यता तपासा, कारण आपल्याकडे ती फार वेळा दिसते. लॅबला द्यायच्या आधी पट्टी कुणी एमरी पेपरनं पुसली होती का? जून ते सप्टेंबर ठाणे-बेलापूर पट्ट्यात उघडं पोलाद संध्याकाळपर्यंत लालसर होतं. मग कुणीतरी चांगल्या मनानं हात मारतो आणि चकचकीत करून देतो. एक्स-रे बघतो वरचे पाच मायक्रॉन, आणि एमरीचे चार हात त्या थरात शंभराच्या पटीतल्या मेगापास्कलचा दाब सहज बसवून जातात. मग लॅब मोजते ती तुमच्या हेल्परची मेहनत. वायर ब्रशनंही हेच होतं. ग्राइंडरनं उलटंही होऊ शकतं, जास्त तापलं तर ओढ बसते. इलेक्ट्रोपॉलिश करून ५० मायक्रॉन खाली गेल्यावर आकडा एकदम कोसळला, तर बाकीचं सगळं सोडा, कारण हेच असेल.

लॅबकडून एक आकडा घेऊन समाधान मानू नका, आलेख मागा. प्रत्येक साय कोनाचं अंतर आणि त्यातून काढलेली रेषा. ती मिळाली की मी आधी रेषेचा आकार बघते आणि आकडा नंतर. बिंदू रेषेवर नीट बसलेत का? अधिक आणि उणे साय यांचे बिंदू दोन वेगळ्या वाटांनी गेले असतील, तर पृष्ठभागाला तिरका शिअर स्ट्रेस आहे, किंवा मशीनची जुळणी बिघडली आहे. रेषा वाकलेली असेल तर ताण खोलीनुसार झपाट्यानं बदलतोय. बिंदू लाटेसारखे वरखाली जात असतील तर ग्रेन एका दिशेला वळलेले आहेत, रोलिंग किंवा ड्रॉइंगमुळे. तिथे सरळ रेषा ओढून काढलेला उतार म्हणजे लाटेच्या कुठल्या भागात तुम्ही बिंदू घेतलेत त्याचा हिशोब, ताणाचा नाही. अशा वेळी मॉलिब्डेनमच्या ट्यूबनं ७३२ आणि ६५१ या प्रतलांचं एकत्र पीक वापरलं तर लाट बरीच शांत होते, मात्र मशीनला ती सोय हवी. ग्रेन जाडे असतील, शंभर मायक्रॉनच्या वर, तर एक-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात उत्तर देणारे ग्रेन मोजकेच सापडतात आणि बिंदू विस्कटतात. तेव्हा तुकडा मोजताना तीनेक अंश मागेपुढे हलवत ठेवतात.

पीकची रुंदीही मागा. लॅबकडे ती असतेच, फक्त रिपोर्टमध्ये छापत नाहीत. ॲनिल केलेल्या तुकड्याच्या तुलनेत रुंदी वाढली असेल तर तिथे डिसलोकेशन वाढलीत, म्हणजे प्लास्टिक विरूपण झालंय, आणि या उत्तरातल्या सगळ्या शंका लागू होतात. कडक केलेल्या मार्टेन्साइटी पोलादावर पीनिंग केलं की उलट होतं, पृष्ठभागाजवळ रुंदी कमी झालेली दिसते. ती बघून घाबरायचं कारण नाही.

मशीन ठीक आहे ना, हे तपासायला ताणविरहित लोखंडाची पावडर असते. पावडरीत मॅक्रो स्ट्रेस राहूच शकत नाही, त्यामुळे उत्तर शून्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १४ मेगापास्कलच्या आत यायला हवं. एएसटीएम ई ९१५ मध्ये हीच पद्धत दिली आहे. मोजमापाची पूर्ण पद्धत युरोपातल्या ईएन १५३०५ मध्ये आणि बेअरिंगच्या पोलादापुरती एएसटीएम ई २८६० मध्ये आहे. तुमच्या मोजमापाच्या दिवशीचा पावडरचा आकडा मागितला आणि लॅब टाळाटाळ करू लागली, तर लॅब बदला.

तुमचा दुसरा छोटा प्रश्न होता की एक्स-रेनं गाभ्यातलं थेट कळेल का. लॅबमधल्या एक्स-रेनं नाही. थर काढत काढत जावं लागतं, आणि थर काढल्यामुळे उरलेला ताणही बदलतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. मूर आणि इव्हान्स यांनी १९५८ मध्ये दिलेली सूत्रं अजून चालतात. जॉब न कापता सेंटीमीटरभर आत बघायचं तर न्यूट्रॉन लागतात. त्यासाठी अणुभट्टी किंवा तसाच मोठा न्यूट्रॉन स्रोत हवा. वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९८५ पासून ध्रुव ही अणुभट्टी आहे, पण तो संशोधनाचा मार्ग आहे, रोजच्या लॉटचा नाही. ३ मिमीच्या पट्टीला त्याची गरजही नाही.

तेव्हा करायचं असं. पीनिंग ठेवा, आणि दोन्ही बाजूंनी करा, नाहीतर ३ मिमीची पट्टी धनुष्यासारखी वाकेल. आल्मेन पट्टीची, म्हणजे पीनिंगचा जोर मोजणाऱ्या चाचणी-पट्टीची, नोंद प्रत्येक शिफ्टला ठेवा. त्याच पट्टीच्या त्याच जागी पीनिंगआधी आणि पीनिंगनंतर, एकाच लॅबकडून, एकाच सेटिंगवर एक्स-रे करून घ्या. पृष्ठभागावर आणि त्याखाली वेगवेगळ्या खोलीवर तीन-चार ठिकाणी. आधीचे उणे १२० नंतरच्या आकड्यातून सरळ वजा करू नका, कारण पीनिंगनं वरच्या थरातली फेराइट-सिमेंटाइटची जुनी घडी मोडून नवी बसते. होल ड्रिलिंगही पीनिंगनंतर एकदा करा. आता त्याला ठळक दाब दिसलाच पाहिजे, आणि तो दिसला की ड्रॉइंगची अट पूर्ण झाली असं छातीठोकपणे लिहिता येईल. फक्त दाब यील्डच्या जवळ जाऊ लागला की भोकाच्या कडेला स्थानिक यील्डिंग होऊन होल ड्रिलिंगचा आकडा फुगतो, तेवढं लक्षात ठेवा.

तुकडे पाठवताना पट्टीच्या लांबीची दिशा पंचनं नाही, मार्करनं खुणवा, आणि मोजायच्या जागेपासून लांब. पंचचा ठसा स्वतःचा ताण घेऊन येतो. अँगल ग्राइंडरनं कापू नका, बँडसॉवर कूलंट सोडून सावकाश कापा. मोजायची जागा कापलेल्या कडेपासून निदान जाडीच्या काही पट लांब राहू द्या. तेलाचा हात देऊन गंजरोधक कागदात गुंडाळा, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: पुसू नये, घासू नये.